कंबोडियाची युरोपातली करसवलत: अंशतःच का काढली?

प्रश्न: युरोपीय संघाने २०२० मध्ये कंबोडियाच्या मालावरची आयात शुल्काची सवलत अंशतःच का काढली? प्रक्रिया कशी चालते?

उत्तर १: विकसनशील देशांना शुल्कसवलत देणारा युरोपीय संघाचा नियम ९७८/२०१२, त्यातलं कलम १९. मानवाधिकार आणि कामगार हक्कांच्या १५ करारांचा गंभीर, पद्धतशीर भंग दिसला की आधी सहा महिने देखरेख, मग तीन महिन्यांत अहवाल. निर्णयानंतरही अंमल सहा महिन्यांनीच. म्हणून फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालेलं प्रकरण १२ ऑगस्ट २०२० ला लागू झालं. एवढ्या अवधीत सरकारला थोडीफार डागडुजी दाखवता येते, हीच खरी अडचण.

उत्तर २: फटका बसला युरोपला होणाऱ्या निर्यातीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याला, साधारण १ अब्ज युरोंना: ठरावीक कपडे आणि पादत्राणं, सगळ्या प्रवासी बॅगा, साखर. कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क लागतं. सरसकट काढली असती तर शिवणकाम करणाऱ्या बायकांच्याच पोटावर पाय आला असता, म्हणून अंशतः काढणं मला योग्य वाटतं.

उत्तर ३: परिणाम मात्र असमान. ऊसमळ्यांचे जमीनवाद आणि युनियन नेत्यांवरचे खटले थोडे हलले. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विसर्जित केलेला मुख्य विरोधी पक्ष परत आला नाही. २०२३ च्या निवडणुकीतून कँडललाइट हा दुसरा विरोधी पक्षही बाद ठरवला गेला. सत्ताच पणाला लागली की कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांच्यासारखे राज्यकर्ते शुल्क सोसतात.