चर्चा: ग्रॅनाइटच्या रसायनावरून पर्वताची जन्मकथा कळते का?

टिळकवाडीकर : ओट्यासाठी ग्रॅनाइट पाहायला गेलो, तर दुकानदाराने आधी काळी फरशी पुढे केली, जी बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असते. इलकलच्या तांबड्या फरशीवर भिंग धरले, तेव्हा मात्र गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखे क्वार्ट्‌झ आणि काळ्या अभ्रकाचे ठिपके स्पष्ट दिसले. अशा दगडाचे रासायनिक पृथक्करण केले, की तो कोणत्या घडामोडीत जन्मला हे सांगता येते, असे माझे मत आहे. चॅपेल आणि व्हाइट या भूशास्त्रज्ञांनी 1974 साली आग्नेय खडक वितळून झालेला ‘आय’ आणि गाळाचे खडक वितळून झालेला ‘एस’ असे प्रकार पाडले. भारत आणि आशिया यांच्यामधल्या प्राचीन टेथिस सागराचा तळ आशियाखाली सरकत असताना घडलेल्या लडाखच्या ग्रॅनाइटात हॉर्नब्लेंड हे ‘आय’ प्रकाराचे गडद खनिज सापडते आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचे (87 आणि 86) खडक घडतानाचे मूळ गुणोत्तर 0.704च्या आसपास असते. भूखंडांच्या टकरीनंतर, सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी घडलेल्या नेपाळमधल्या मनास्लूच्या ग्रॅनाइटात पांढरे अभ्रक व टुर्मलीन ही ‘एस’ प्रकाराची खनिजे असून तेच गुणोत्तर 0.74च्या पुढे जाते. याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

खानापूरकर : साक्ष स्पष्ट आहे, पण ती कशाची, यावर आपले एकमत होणार नाही. 0.74 हा आकडा एवढेच सांगतो, की वितळलेले द्रव्य रुबिडियमने समृद्ध अशा जुन्या कवचाचे होते, कारण रुबिडियमचे हळूहळू स्ट्रॉन्शियम 87 होऊन गुणोत्तर वाढत जाते. ते का वितळले, हे तो सांगत नाही. कवच जाड होऊन तापले, की वरचा भार झपाट्याने उतरल्याने अभ्रकातले पाणी सुटून शिलारस (वितळलेला खडक) झाला, हा वाद त्यावरून सुटत नाही. पियर्स व सहकाऱ्यांच्या 1984च्या रुबिडियम, यिट्रियम, निओबियमच्या प्रमाणावरून ग्रॅनाइटचे जन्मस्थान ओळखणाऱ्या आलेखांतही हीच अडचण आहे : जुन्या ज्वालामुखी पट्ट्याचा गाळ पुढे टकरीत वितळला, तर नवा ग्रॅनाइट जुन्याच पट्ट्याच्या खुणा मिरवतो. नातवाचे नाक आजोबांवर गेले, म्हणून तो आजोबांच्या काळी जन्मला असे आपण म्हणत नाही.

टिळकवाडीकर : जन्मकाळासाठी ग्रॅनाइटातले झिरकॉन हे खनिज आहेच, त्याच्या कणाचा जुना गाभा स्रोताचे वय सांगतो आणि भोवतालची कडा वितळण्याचे. शिवाय आपल्या कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. तिथला पर्वत केव्हाच झिजून गेला; मग रसायनाखेरीज उरले काय?

खानापूरकर : खडक उरले आहेत, आणि ते दक्षिणोत्तर सलग चालून पाहता येतात. दक्षिणेस शिलारस नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकात शिरून मिसळलेल्या खोल पातळ्या उघड्या पडल्या आहेत, तर उत्तरेस उथळ जागी गोठलेले स्वतंत्र ग्रॅनाइट दिसतात. एकाच नमुन्याच्या तक्त्यात खोल ते उथळ असा हा बदल मला कुठेही वाचता आलेला नाही.