एक्सेल चार्ट: टक्केवारीचे स्तंभ तळाला चिकटतात, सिलेक्टही होत नाहीत

प्रश्न: महिन्यांची विक्री लाखांत (स्तंभ) आणि वाढ टक्क्यांत, दोन्ही एकाच चार्टवर. टक्क्यांचे स्तंभ दिसतच नाहीत, मग क्लिक कुठे करू? आणि वाय अक्षाची कमाल मर्यादा ५,००,००० टाकली होती. नवीन महिना ६ लाखांचा, तर स्तंभ वरून कापला जातोय.

उत्तर १: माउस सोडा. चार्ट निवडून फॉरमॅट टॅबवर जा. तिथल्या 'करंट सिलेक्शन' गटातल्या यादीत चार्ट एरिया, प्लॉट एरिया, अक्ष, लेजंड, प्रत्येक सिरीज (चार्टवरची आकड्यांची एक मालिका) असं सगळं नावानिशी असतं. टक्क्यांची सिरीज निवडा, कंट्रोल+१ दाबा, सिरीज ऑप्शन्समध्ये 'सेकंडरी अॅक्सिस' (दुसरा, दुय्यम अक्ष) निवडा. ०.१२ (म्हणजे १२ टक्के) आणि ५ लाख एकाच अक्षावर मोजल्यावर दुसरं काय होणार!

उत्तर २: एवढ्यावर थांबलात तर टक्क्यांचे स्तंभ विक्रीच्या स्तंभांवर चढतील, कारण दुय्यम अक्षाची सिरीज वर रेखाटली जाते. सिरीजवर राइट-क्लिक, 'चेंज सिरीज चार्ट टाइप', तिला लाइन करा.

मर्यादेचं म्हणाल तर आकडा हाताने टाकला की ती गोठते. अक्ष निवडून अॅक्सिस ऑप्शन्समध्ये मॅक्झिममशेजारचं 'रीसेट' दाबा, पुन्हा 'ऑटो' होईल.

प्रश्नकर्ता: जमलं. पण दुय्यम अक्षावर ०.१, ०.२ दिसतंय.

उत्तर १: तो अक्ष निवडा, 'नंबर'मध्ये पर्सेंटेज. सेलच टक्क्यांत फॉरमॅट करणार असाल तर 'लिंक्ड टू सोर्स'वर टिक पुरे.