डिमेन्शिया असलेल्या वडिलांच्या चालण्याची तपासणी: आकडा कितपत धरायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार. फिजिओथेरपीतल्या जाणकारांचं आणि घरी असा रुग्ण सांभाळणाऱ्यांचं मत हवंय.

वडील ७८ वर्षांचे. आयुष्य यंत्रमागावर गेलं. सोलापुरात पूर्व भागात राहतो. डिमेन्शिया आधीपासून आहेच, त्यात मध्यंतरी मोरीजवळ पडले. मार लागला नाही, पण डॉक्टरांनी चालणं तपासून घ्या म्हणून फिजिओकडे पाठवलं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर जमिनीवर लावलेल्या पट्टीपर्यंत चालायचं, वळून परत येऊन बसायचं. ३१ सेकंद लागले. शेरा: पडण्याचा धोका जास्त.

माझी अडचण पुढे आहे. सूचना मराठीत आणि एका दमात: उठा, पट्टीपर्यंत जा, वळा, या, बसा. वडील पट्टीपाशी गेले आणि तिथंच उभे. पुढचं विसरले. घरात आमचं बोलणं तेलुगू. मराठी त्यांना झकास यायची, हल्ली मागे पडत चाललीय. दुसऱ्या खेपेला आई पट्टीपाशी उभी राहून तेलुगूत एकेक सांगत गेली, तर १९ सेकंद! पण मदत दिली म्हणून तो आकडा धरला नाही. मग तपासलं काय, पाय की समज?

घरी दिसतं ते असं: सकाळी चाल बरी, संध्याकाळी पाय ओढतात. चालताना कुणी काही विचारलं की थांबतात, उत्तर देतात, मग पाऊल उचलतात. वळायला जागच्या जागी बारीक पावलं टाकतात. चप्पल झिजून गुळगुळीत झालीय, पण बदलू देत नाहीत (यावर घरात रोज वाद).

चाचणी परत घ्यावी का? घरी काय मोजावं? जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वरच्या जत्रेला) जायचा त्यांचा हट्ट असतो, त्या गर्दीत न्यावं का? सोलापुरात असे रुग्ण नेहमी बघणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

प्रतिसाद:
मी फिजिओ आहे. दोन्ही आकडे लिहून ठेवा. एकेक सूचना देऊन, हातानं दाखवून चाचणी घेता येते. कोणती मदत दिली ते नोंदवायचं आणि पुढच्या वेळी तीच द्यायची. वेळ, खुर्ची, चप्पलही तीच. दोन-तीन सेकंदांच्या फरकावर जाऊ नका, डिमेन्शियात तेवढं असंच हलतं. मात्र १२ च्या वर गेलं की सहसा धोका धरतात, म्हणजे १९ सुद्धा कमी नाहीत.

घरी सरळ ४ मीटर चालवून बघा, त्यात लक्षात ठेवायचं फार नसतं. नेहमीच्या चालीनं ५ सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंद. बोलताना थांबतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशी माणसं जास्त पडतात, हे १९९७ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं होतं. गड्ड्याला गर्दी नसताना, हात धरून न्या.

दोन गोष्टी विचारतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का, आणि लघवीवरचा ताबा सुटलाय का? तसं असेल तर मेंदूत पाणी साठलंय का हे न्यूरोलॉजिस्टना बघू द्या. आणि बीपी आडवं असताना व उभं राहिल्यावर घेतलंय का? वरचा आकडा २० नं उतरला तर चालीइतकंच तेही पडायचं कारण असू शकतं.

धागाकर्ता:
खूप आभार. लघवीचा त्रास नाही. बीपी मात्र नेहमी बसवूनच घेतात. बीपीची गोळी रात्रीची आहे, आणि पडले ते पहाटे अंथरुणातून उठून मोरीकडे जाताना. उद्या पहाटेच दोन्ही बीपी घेऊन इथं टाकतो.