चूक कबूल करत नाही, 'माहीत नाही' म्हणत नाही

ऐरोलीकर: मुलगा १२ वर्षांचा, ऑटिस्टिक. उत्तर येत नसेल तर काहीतरी ठोकून देतो. चूक दाखवली की वाद. हा हट्टीपणा समजायचा का?

घोडबंदर_थेरपी: हट्टीपणा धरू नका. बऱ्याचदा 'प्रश्न आला म्हणजे उत्तर द्यायचंच' असा नियम डोक्यात पक्का झालेला असतो. 'माहीत नाही' हे उत्तर वेगळं शिकवावं लागतं. १० चित्रं घ्या, ७ ओळखीची, ३ अनोळखी, सगळी मिसळून. अनोळखी चित्र आलं की तो अंदाज ठोकायच्या आत तुम्हीच म्हणा, "माहीत नाही, सांगा ना." त्याने म्हटलं की लगेच उत्तर सांगा, आणि हळूहळू सुचवणं कमी करा. फक्त अनोळखीच दाखवलीत तर येणाऱ्या प्रश्नालाही 'माहीत नाही' सुरू होतं. मग ते मोडणं जास्त कटकटीचं.

वाशी_शिक्षिका: ताईंशी सहमत. वादाबद्दल: चारचौघांत चूक काढू नका. "ठाण्याची प्रत्येक ट्रान्स-हार्बर गाडी वाशीलाच जाते" म्हणाला, तर वेळापत्रक पुढे ठेवा आणि गप्प बसा. तुर्भ्यानंतर काही गाड्या जुईनगर, नेरुळकडे वळतात, हे त्याला स्वतः दिसू दे. १० सेकंद तरी थांबा, नवी माहिती जुन्या नियमात बसवायला वेळ लागतो. 'सॉरी म्हण'चा आग्रह नको. "नियम बदलला" एवढं म्हणाला तरी चालेल.

घोडबंदर_थेरपी: आणि आधी स्वतःचा प्रश्न तपासा. "किती वाजले असतील?" हा अंदाजच मागतो. शिवाय कधी कधी तोच बरोबर असतो, तेव्हा मोठ्यांनी "माझं चुकलं" म्हणायचं.

ऐरोलीकर: चित्रांपासून सुरू करतो.