जुनं लिहायचं टेबल: काय प्रकार आहे, किती जुनं, किंमत काय धरावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराची वाटणी चालू आहे, भांडीकुंडी झाली, आता एका टेबलावर गाडी अडलीये. पणजोबा वकील होते म्हणून घरात सगळे त्याला वकिली टेबल म्हणतात. रुंदीला जेमतेम दोन फूट, उंची पावणेतीन असेल. वरचं झाकण उतरतं, उचललं की आत कागद ठेवायला जागा. खाली खण आहेत पण समोर नाहीत, उजव्या कुशीला एकाखाली एक चार! डाव्या कुशीलाही तशाच चार मुठी आहेत पण त्या नुसत्या शोभेच्या, लहानपणी आम्ही त्या ओढून ओढून दमायचो. उजवीकडे वरच्या अंगाला एक छोटा खण फिरून बाहेर येतो, त्यात दौतीसाठी खाच. झाकणाच्या पुढच्या भागाखाली दोन वळणदार कोरलेले खांब, मागे पितळी कठडा, खाली पितळी चाकं, त्यातलं एक गायब आहे.

बाहेरून शिसवी वाटतं. झाकणाच्या कुलपावर मुकुट आणि व्ही आर अशी अक्षरं आहेत, खाली पेटंट लिहिलंय. किल्लीच्या भोकाभोवती पांढरी चकती आहे, आत्या म्हणते हस्तिदंत. काका म्हणतात कलेक्टरने पणजोबांना भेट दिलं, आत्या म्हणते साहेब लोक गेले तेव्हा 47 साली लिलावात घेतलं.

एका जुन्या फर्निचरवाल्याने नुसते फोटो बघून दोन मिनिटांत 18 हजार सांगितले, चुलतभाऊ म्हणतो नेटवर असलं टेबल लाखाच्या खाली नाही. मला विकायचं नाहीये, ठेवून घ्यायचंय, पण बाकीच्यांना पैसे द्यायचे तर आकडा रास्त हवा ना. आणि सुतार म्हणतोय घासून नवं पॉलिश मारून देतो, करू का?

रंधावाला:
पॉलिशला हात लावू देऊ नका!! बाकीचं नंतर.

याला डेव्हनपोर्ट म्हणतात. लँकेस्टरच्या गिलोज या फर्निचर करणाऱ्यांच्या वह्यांमध्ये 1790च्या दशकात कॅप्टन डेव्हनपोर्टसाठी केलेल्या डेस्कची नोंद आहे, तिथून हे नाव. सुरुवातीच्या डेस्कांना खांब नसायचे, वरचा भागच पुढे सरकायचा किंवा फिरायचा म्हणजे गुडघ्यांना जागा व्हायची. खांबवाला नमुना नंतरचा, व्हिक्टोरियाच्या काळातला. त्यामुळे तुमचं 1840च्या आधीचं असेल असं मला वाटत नाही.

आता खण पूर्ण बाहेर काढा, उलटे करा आणि सांगा: खणाच्या बाजू आणि तळ कुठल्या लाकडाचे? एखादा स्क्रू काढून बघा, टोक अणकुचीदार आहे का बोथट? करवतीच्या खुणा सरळ आहेत का गोलाकार? कुलपाभोवती दुसऱ्या कुलपाची जुनी भोकं दिसतात का?

धागाकर्ती:
बघितलं. खण आतून सगळे सागवानी, तळसुद्धा. स्क्रू टोकदार आहेत, वरची खाच सरळ एकच. खुणा सरळ, थोड्या वाकड्यातिकड्या. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकवलेले लाकडाचे दात, लहानमोठे आहेत, एकसारखे नाहीत. कुलपाभोवती जुनी भोकं नाहीत, अगदी चपखल बसलंय.

रंधावाला:
मग हे इंग्लंडहून आलेलं नाही, इथेच केलेलं आहे. विलायती कारागीर दर्शनी भाग महागड्या लाकडाचा करायचा पण खणाच्या आत ओक, पाइन, फार तर महोगनी घालायचा, तळाला सागवान कोण घालतंय तिकडे? आपल्याकडे शिसवी आणि सागवान दोन्ही हाताशी होतं, आणि मुंबईत तर एकोणिसाव्या शतकात शिसवी फर्निचरचा मोठा धंदा होता, साहेबांच्या नमुन्यावर आपले सुतार करायचे. कुलपं, बिजागऱ्या, स्क्रू मात्र बोटीने यायचे.

टोकदार स्क्रू साधारण 1850च्या सुमारास आले, आधीचे बोथट. म्हणजे त्याच्या आधीचं नाही. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी, 1837 ते 1901. कुलूप मूळचंच दिसतंय, पण दुकानदाराकडे जुना साठा पडून असू शकतो म्हणून चारपाच वर्षं इकडेतिकडे धरा. हाताने केलेल्या डव्हटेलवरून मात्र काही ठरवू नका, विलायती पुस्तकांत लिहितात की हाताचं म्हणजे मशीनच्या आधीचं, पण आपल्याकडे हाताने करणं विसाव्या शतकातही चालूच होतं, सरळ करवतीच्या खुणांचंही तेच. मी म्हणेन 1860 ते 1900.

काकांची गोष्ट खोटी असं नाही, पण दर तिसऱ्या घरात कलेक्टरने दिलेलं काहीतरी असतंच :) कागद असेल तर किंमत वाढते, नुसत्या गोष्टीला कोणी पैसे देत नाही. वकिलांची जुनी हिशेबाची वही असेल तर चाळा.

भिंगवाली:
चकतीबद्दल: दहापट भिंगातून बघा. बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर हाड. हस्तिदंतात तसे ठिपके नसतात, आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, इतक्या छोट्या तुकड्यात दिसेलच असं नाही. बहुतेक हाडच निघेल, साध्या टेबलांना तेच लावायचे. पण खात्री करा, कारण हस्तिदंताच्या विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे, कितीही जुना असला तरी. उद्या विकायची वेळ आली तर प्रश्न येईल.

सातारकर:
किमतीचं सांगतो, वडिलांच्या सामानाच्या वेळी यातून गेलोय. तुमच्या भावाने बघितले ते मागितलेले भाव, विकले गेलेले नाहीत. लिलाव कंपन्यांच्या साइटवर संपलेले लिलाव बघता येतात, ते बघा. इंग्लंडमध्ये साधे व्हिक्टोरियन डेव्हनपोर्ट गावोगावच्या लिलावांत काहीशे पौंडांत जातात, जुन्या गडद लाकडी फर्निचरचा भाव तिकडे गेल्या वीसपंचवीस वर्षांत चांगलाच पडलाय. फर्निचरवाल्याचे 18 हजार हा त्याचा खरेदीचा भाव, त्यात त्याचं भाडं, डागडुजी, नफा सगळं बसायचंय. वाटणीसाठी ना तो धरा ना दुकानातला. दोनतीन जणांना प्रत्यक्ष घरी बोलवून लेखी घ्या, तुम्ही विकणार नाही हे आधीच सांगा म्हणजे पाडून बोलणार नाहीत, आणि मधला आकडा सगळ्यांसमोर ठरवा.

धागाकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. एक चुलतबहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते मी जास्त पैसे देते पण कंटेनरमधून नेणार. चालतं का हे?

भिंगवाली:
1972 चा पुरावशेष कायदा बघा. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू त्यात येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुमचं टेबल 1900च्या आतलं धरलं तर ते मिळणं कठीणच. बहिणीला आत्ताच सांगा, पैसे घेतल्यावर नको.

धागाकर्ती:
बरं झालं विचारलं! म्हणजे एक गिऱ्हाईक कमी झालं 😄 पॉलिशचं राहिलं, आणि गायब चाकाचं काय करू?

रंधावाला:
वरचा थर बहुतेक लाखेचा असेल. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा टेकवा, चिकट झालं तर लाखच. मग झाकणावर स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लागू देऊ नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या, बस. घासलं की रंग जातो आणि रंगाबरोबर भावही. खालून बारीक पिठासारखी पूड पडते का तेवढं बघत राहा, पडली तर कीड चालू आहे.

चाकासाठी मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुनी पितळी चाकं मिळतात, उरलेल्यातलं एक काढून मापाला न्या. नाहीच जुळलं तर पितळेचं ओतकाम करणारा त्यावरून साचा काढून देईल. तोपर्यंत त्या पायाखाली लाकडी ठोकळा ठेवा, तिरकं राहिलं तर सांधे सैल होतात.