जॅझचा सोलो (एकल वादन) ऐकताना धरायचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकत आलोय. अ‍ॅपवर फिरून फिरून तेच समोर येतं, म्हणून गेले काही महिने ठरवून वेगळं ऐकतोय.

स्पेनच्या फ्लामेंको संगीताची गोडी लागली. त्यातल्या सोलेआ प्रकारात १२ मात्रांचं आवर्तन असतं आणि जोर ३, ६, ८, १०, १२ वर येतो. एकताल अंगात मुरलेला, त्यामुळे आधी सारखा चुकायचो. आठवीवर जोर आला की हात थबकायचाच. मग एकताल बाजूला ठेवून बोटांच्या पेरांवर मोजत बसलो. चार दिवसांनी टाळ्या आपसूक पडायला लागल्या आणि तेव्हा कुठे गाणाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष गेलं. फार आनंद झाला! पश्चिम आफ्रिकेचा २१ तारांचा कोराही असाच आवडला. कोरावादक तुमानी दियाबाते ऐकताना अंगठ्यांचा लेहरा आणि तर्जनींचा विस्तार असं मनात धरलं की पुरे.

अडलंय ते जॅझमध्ये. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमपासून सुरुवात केली. त्यातलं पहिलंच ‘सो व्हॉट’ डोरियन मोडमध्ये आहे, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. १६ बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) एका षड्जावर, ८ बार अर्ध्या स्वराने वर, मग ८ बार परत मूळ जागी. वाचून कळतं. बासची (खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची) धून आणि तिला मिळणारं दोन सुरांचं उत्तर, इथवर मी बरोबर असतो. पण ट्रम्पेटच्या दुसऱ्या आवर्तनात कुठेतरी धागा सुटतो, आणि सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन वाजवायला लागले की काहीच हाती राहत नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला षड्जच हलतो हे झेपत नाही, असा माझा अंदाज आहे.

तर, सोलो चालू असताना तुम्ही कान कशावर ठेवता? बासवर, ड्रमच्या झांजेवर, की मूळ धून मनात गुणगुणत राहता? आधी १२ बारचा ब्लूज (जॅझमध्ये नेहमी येणारं १२ बारचं आवर्तन) पक्का करावा का? शास्त्रीय ऐकत ऐकत जॅझकडे वळलेल्यांनी जरूर लिहा.

लांबलचक यादी नको. एकच रेकॉर्डिंग सुचवा, पण कितव्या मिनिटाला काय ऐकायचं तेही सांगा. तेच दहा वेळा ऐकायची माझी तयारी आहे.