टॅरो शिकायचंय, पण ७८ पत्त्यांचे अर्थ पाठच होत नाहीत

दारव्हा_७८ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. रायडर-वेट पद्धतीचा डेक, म्हणजे प्रश्न विचारून वाचायच्या टॅरो चित्रपत्त्यांचा संच, ऑनलाइन मागवला. दारव्ह्याकडच्या खेड्यात शिकवणारं कोणी नाही, म्हणून इथं विचारतो. सोबतच्या पुस्तिकेत एकेका पत्त्याला आठ-आठ शब्द दिलेत, ते पाठ कसे करायचे? दुसरं, माझ्या डेकमध्ये ८ वर स्ट्रेंग्थ आणि ११ वर जस्टिस आहे, मोबाइलवरच्या एका तक्त्यात नेमकं उलटं. चूक कोणाची? उलटा आलेला पत्ता वेगळा वाचायचा का? आणि डेक स्वतः विकत घेतला तर तो लागू पडत नाही म्हणतात, ते खरं का?

वऱ्हाडी_आर्काना:

शेवटचं आधी. भेट मिळालेलाच डेक चालतो ही निव्वळ ऐकीव गोष्ट. विकत घ्या, बिनधास्त वापरा. फक्त आधी मोजून घ्या: २२ मेजर (स्ट्रेंग्थ, जस्टिससारखे स्वतंत्र नावाचे) आणि ५६ मायनर (रमीसारखे चार रंगांचे). स्वस्त नकलांमध्ये एखादा पत्ता दोनदा येतो आणि एखादा येतच नाही. छपाईही तपासा. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, १९०९ साली लंडनला छापलेली, आणि बहुतेक पत्त्यांच्या खालच्या कोपऱ्यात त्यांची वेटोळ्यासारखी सही असते. तिथं नुसता डाग दिसत असेल तर बाकीचे बारकावेही पुसलेले असणार, आणि शिकायचं तर बारकाव्यांवरूनच आहे.

८ आणि ११ मध्ये चूक कोणाचीच नाही. जुन्या मार्सेय पद्धतीत जस्टिस ८ वर आणि स्ट्रेंग्थ ११ वर. तुमचा डेक ज्यांच्या नावाचा, त्या वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. तुमचा तक्ता मार्सेयचा असेल. सुरुवातीला दोन पद्धती एकत्र करू नका, कारण मार्सेयच्या अंकांच्या पत्त्यांवर माणसं-प्रसंग नसतात, नुसत्या काठ्या, पेले, तलवारी, नाणी मोजायची.

पानठेला_फिलॉसॉफर:

पाठांतराचं मी सांगतो. ४० अर्थ पाठ करायचे नाहीत, १४ शब्द करायचे. रमीचे पत्ते माहीत आहेतच ना? किलवरच्या जागी वाँड्स, बदामच्या जागी कप्स, इस्पिकच्या जागी स्वोर्ड्स, चौकटच्या जागी पेंटॅकल्स. वाँड्स म्हणजे उमेद आणि काम, कप्स म्हणजे भावना, स्वोर्ड्स म्हणजे विचार आणि वाद, पेंटॅकल्स म्हणजे पैसा, शरीर, वावर. हे चार झाले. मग एक्का ते दहा, प्रत्येक अंकाला एक शब्द: एक्का सुरुवात, चार स्थिरता, पाच मोडतोड, दहा शेवट. मधले तुम्हीच ठरवा, पण चित्रं पाहून.

चारही पाच शेजारी मांडा. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहतोय, पाठीमागचे दोन उभेच आहेत, नदीवर पूल आहे, पलीकडे घर आहे. पुस्तिका म्हणते ‘दुःख’. चित्र सांगतं की त्यानं मान वळवलेली नाही. दुसरी गोष्ट एकदा दिसली की विसरत नाही.

रमीपेक्षा फरक एवढाच की इथं गुलामाच्या जागी पेज (सेवक) आणि नाइट (घोडेस्वार) असे दोघं असतात. ५२ मध्ये चार नाइट आणि २२ मेजर मिळवले की ७८. राजा-राणी-नाइट-पेज हे १६ पत्ते सगळ्यात अवघड, ते शेवटी घ्या.

वऱ्हाडी_आर्काना:

उलट्या पत्त्यांचं राहिलं. पहिले तीन-चार महिने वाचूच नका. पिसण्याआधी सगळे सरळ लावा आणि पत्ता पलटताना पुस्तकाचं पान उलटतो तसा बाजूनं पलटा. वरून खाली पलटला तर सरळ पत्ताही उलटाच दिसतो, आणि नवीन माणूस विनाकारण घाबरतो.

दारव्हा_७८:

भारी! पण रमीसारखे पिसले तर वाकतात. आणि काल तीन पत्त्यांत तिन्ही कप्स आले, हा काही संकेत?

पानठेला_फिलॉसॉफर:

अभ्यासासाठी रंगवार लावले होते ना? मग तो संकेत नाही, पिसणं कमी पडलं. हातातल्या हातात वरचेवर पिसलं की गठ्ठे तसेच राहतात. सतरंजीवर सगळे पालथे पसरवा, दोन्ही हातांनी मिनिटभर घोळवा, गोळा करा, मग काटा. वाकणारही नाहीत. पावसाळ्यात चिकटतात म्हणून पावडर लावू नका, लगदा होतो. कोरड्या डब्यात ठेवा.

तीनात एखादा मेजर आला म्हणूनही हुरळू नका. हिशेबानं शंभरात सुमारे ६४ वेळा निदान एक येतोच. तिन्ही मेजर मात्र शंभरात दोनदाच.

वर्धेची_ताई:

पत्ते नीट वाचता येऊनही उत्तर फसतं ते प्रश्नामुळे. ‘कापसाचा भाव वाढेल का?’ हे पत्त्यांना विचारून उपयोग नाही. ‘विकायचं ठरवताना माझ्या नजरेतून काय सुटतंय?’ असं विचारा. जागा आधीच ठरवा: स्थिती, अडथळा, पुढचं पाऊल. पत्ते पाहून जागा ठरवल्या की माणूस मनासारखंच वाचतो.

समजा सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ स्वोर्ड्स, एट ऑफ वाँड्स आले. पहिल्यात शेतकरी अवजाराच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा, सहा नाणी झुडपावर, एक पायाशी. म्हणजे पहिला वेचा हाती आला, बाकी अजून पऱ्हाटीवर. दुसऱ्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दोन तलवारी छातीवर आडव्या धरून बसलीय, आणि पट्टी सोडायला हातच मोकळा नाही. माहिती आहे, पण पाहायचीच नाही. तिसऱ्यात माणूसच नाही, आठ काठ्या सुसाट चालल्यात: निरोप, घाई. सरळ वाचन असं की उभं राहून पाहत बसू नका, आजच दोन-तीन बाजार समित्यांचे भाव विचारा.

आणखी एक, कारण गावात डेक लपत नाही. दारव्ह्याचे भाऊ, लोक विचारायला येतीलच. चोरी कोणी केली, करणी कोणाची, दुखणं कशाचं, हे तीन प्रश्न घेऊच नका. पत्ता पाहून बोललेलं नाव संध्याकाळपर्यंत गावभर होतं आणि त्या घराचं जगणं अवघड होतं. अमुक माणूस करणी करतो असं पसरवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणंही. विचारलंच कोणी तर ‘हे पत्त्यांत नसतं’ म्हणा आणि डेक डब्यात ठेवा. समोर पिसत बसलात तर तो उठत नाही.